करामू हाउस : आग, दहा वर्षांचं बिऱ्हाड आणि नवी वास्तू

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलंड शहरात ईस्ट ३८व्या रस्त्यावर एक छोटं नाट्यगृह होतं. ऑक्टोबर १९३९मध्ये ते आगीत गेलं. ते ज्या वस्तीकेंद्राचं होतं ते तेव्हा चोवीस वर्षांचं झालं होतं, आणि आसपासची सेंट्रल ही वस्ती शहरातल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांची होती. नवी वास्तू पूर्ण झाली १९४९मध्ये. मधली दहा वर्षं नाट्यमंडळींचं बिऱ्हाड विंचवासारखं पाठीवर होतं.

ही संस्था म्हणजे करामू हाउस. सातत्याने नाटकं करणारं अमेरिकेतलं सर्वांत जुनं कृष्णवर्णीय थिएटर म्हणून आज तिची ओळख सांगितली जाते. ती सुरू झाली तेव्हा मात्र नाटक कुणाच्या डोक्यातही नव्हतं. प्रकरण अभ्यासासाठी ती निवडण्याचं कारण वेगळं आहे. वस्तीतलं केंद्र पुन्हा बांधायचं म्हटलं की आपल्याकडे चर्चा लगेच चौरस फूट, निधी आणि कोनशिलेवरच्या नावांकडे वळते. करामूच्या इतिहासात इमारत फार उशिरा येते, आणि ती आल्यावर काही गोष्टी सोप्या होतात, काही चक्क अवघड होऊन बसतात.

वस्ती आणि तिथे राहायला आलेलं जोडपं

रसेल आणि रोवेना जेलिफ हे गोरं जोडपं. दोघंही ओबर्लिन कॉलेजचे पदवीधर आणि नंतर शिकागो विद्यापीठात समाजशास्त्र शिकलेले. १९१५मध्ये क्लीव्हलंडच्या सेकंड प्रेस्बिटेरियन चर्चने त्यांना बोलावलं आणि सेंट्रलमध्ये ‘सेटलमेंट हाउस’ सुरू करायला सांगितलं. सेटलमेंटची कल्पना लंडनच्या टॉयन्बी हॉलपासूनची, १८८४ची. शिकल्यासवरल्या माणसांनी गरीब वस्तीत जाऊन तिथेच राहायचं, शेजारी म्हणून वावरायचं आणि गरज दिसेल तसं काम उभारायचं. जेन अॅडम्स यांच्या हल हाउसने १८८९पासून शिकागोत ती रुजवली.

मुंबईकरांना ही कल्पना अगदीच परकी वाटू नये. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट हेही शिकागो विद्यापीठातच शिकलेले. त्यांनी १९२०च्या दशकात नागपाड्याला नेबरहुड हाउस उभं केलं, आणि १९३६मध्ये सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाचे, म्हणजे आजच्या टिसचे, ते पहिले संचालक झाले. नागपाड्याचं नेबरहुड हाउस आणि क्लीव्हलंडचं करामू यांचं मूळ घराणं एकच.

फरक होता तो रंगाचा. अमेरिकेतली बहुतेक सेटलमेंट हाउसं युरोपातून आलेल्या स्थलांतरितांसाठी होती. काळ्यांना तिथे दार बंद असे किंवा त्यांच्यासाठी वेगळा दिवस ठरलेला असे. जेलिफ आले तेव्हा सेंट्रल ही मिश्र वस्ती होती. ज्यू, इटालियन, काळे सगळे आसपास. पुढच्या पाच वर्षांत चित्र पालटलं. पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून येणारे मजूर थांबले आणि पोलाद गिरण्यांना माणसं हवी होती. दक्षिणेतल्या अलाबामा, जॉर्जियातून कुटुंबंच्या कुटुंबं आगगाडीने उत्तरेला येऊ लागली. १९१०मध्ये क्लीव्हलंडमध्ये ८,४४८ कृष्णवर्णीय होते, १९२०मध्ये ३४,४५१ झाले, १९३०मध्ये सुमारे ७२ हजार. शहरात इतरत्र त्यांना घर मिळत नसे, म्हणून सगळे सेंट्रलमध्ये कोंबले गेले. एका घराच्या चार खोल्यांत चार बिऱ्हाडं, आणि भाडं गोऱ्या वस्तीपेक्षा जास्त. पोलिसांच्या लेखी हा भाग ‘रोअरिंग थर्ड’, गर्जणारा तिसरा विभाग. जुगार, चोरटी दारू, वेश्यावस्ती यांच्याकडे कानाडोळा करायचा तो इथेच, असा शहराचा अलिखित करार होता.

इथे एक गोष्ट नमूद करायलाच हवी, कारण करामूच्या कौतुकात ती हमखास गळते. सेंट्रलमधली ही पहिली संस्था नव्हे. जेन एडना हंटर या कृष्णवर्णीय परिचारिकेने १९११मध्येच नोकरीसाठी शहरात आलेल्या मुलींकरता वसतिगृह सुरू केलं होतं, कारण वायडब्ल्यूसीए या ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनेच्या दारात त्यांना थारा नव्हता. पुढे फिलिस व्हीटली असोसिएशन म्हणून तिची मोठी वास्तू झाली. त्या वेळी हंटरबाईंवर टीका केली ती काळ्या समाजातल्याच प्रतिष्ठितांनी. वेगळी संस्था काढणं म्हणजे वेगळेपणा आपणहून कबूल करणं, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे एकाच वस्तीत दोन वाटा चालू होत्या. एक काळ्या बाईने चालवलेली, काळ्यांसाठीची. दुसरी गोऱ्या जोडप्याने चालवलेली, सगळ्यांसाठी उघडी. पुढे पन्नास वर्षांनी हाच वाद करामूच्या दारात येऊन ठाकणार होता.

मुलांच्या मैदानातून नाटक मंडळी

जेलिफांनी दोन लहान घरं घेतली, मागच्या अंगणात मैदान केलं आणि मुलं गोळा केली. मुलांच्या खेळातून नाटुकली झाली. मग मोठ्यांची हौशी मंडळी जमली: घरकाम करणाऱ्या बाया, टपाल खात्यातले कारकून, गिरणीतले कामगार. दिवसभराची नोकरी आटोपून रात्री तालीम. सुरुवातीला मंडळीचं नाव ड्यूमास ड्रॅमॅटिक क्लब होतं. १९२२मध्ये चार्ल्स गिल्पिन हा नट दौऱ्यावर शहरात आला. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, प्रमुख भूमिकेत गाजलेला तो त्या काळातला मोठा कृष्णवर्णीय नट. तो या मंडळींना भेटला, पाठीवर थाप दिली आणि पन्नास डॉलर दिले. मंडळींनी आपलं नाव बदलून ‘गिल्पिन प्लेअर्स’ करून टाकलं.

नाटकं कोणती करायची यावर मात्र खडाजंगी. रोवेनाबाईंना वाटे की काळ्यांच्या आयुष्यावरची नाटकं करावीत. नटांना ते नको होतं. दक्षिणेतल्या बोलीत बोलणारी पात्रं म्हणजे त्यांना मिन्स्ट्रेल खेळांची आठवण. तोंडाला काजळी फासून गोरे लोक काळ्यांची टर उडवायचे ते हे खेळ. ‘आम्ही शहरात आलो, शिकलो, आणि तुम्ही आम्हाला पुन्हा शेतमजुराच्या बोलीत बोलायला लावता?’ असा एकूण सूर. मला यात नटांची बाजू अधिक पटते. निदान त्या काळापुरती. हळूहळू मंडळी वळली, पण ती बाईंच्या सांगण्यावरून कमी आणि चांगली संहिता हाती आल्यामुळे जास्त.

१९२७मध्ये शेजारची एक जुनी जागा घेऊन मंडळींनी आपलं नाट्यगृह केलं. भिंतींवर आफ्रिकी नक्षी काढली आणि स्वाहिली भाषेतलं ‘करामू’ हे नाव दिलं. जागा लहान होती, पण ती सुतारकाम, रंगकाम आणि तिकीटविक्री स्वतः करून मिळवलेली होती. प्रयोगांतून चार पैसे उरत. त्यांतून मंडळींनी एक विलक्षण उद्योग केला. पॉल ट्रॅव्हिस हा क्लीव्हलंडचा चित्रकार आफ्रिकेला निघाला होता. तिथल्या कलावस्तू आणण्यासाठी मंडळींनी निधी उभा केला आणि त्या वस्तू शहराच्या संग्रहालयांना दिल्या. ज्या शहरातली हॉटेलं त्यांना आत घेत नव्हती, त्या शहराच्या संग्रहालयांना या हौशी नाटकवाल्यांनी पदरमोड करून देणगी दिली!

पोळीभाजी नव्हे, भाताची पेज

लँग्स्टन ह्यूज हे अमेरिकी कवितेतलं मोठं नाव. तो शाळकरी मुलगा असताना क्लीव्हलंडच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये होता. आई आणि सावत्र वडील शिकागोला गेले आणि हा पोरगा ईस्ट ८६व्या रस्त्यावर एका घराच्या माळ्यावर एकटा राहू लागला. त्याला स्वयंपाकातलं एकच येत होतं. भात, तोही शिजून लगदा झालेला. त्यासोबत हॉटडॉग. हे त्यानेच पुढे लिहून ठेवलंय. जेलिफांच्या घरी त्याला पुस्तकं मिळत आणि माणसांत बसायला मिळे.

वस्तीकेंद्राचा हिशोब मांडताना हे कुठल्या रकान्यात बसवायचं, हा खरा प्रश्न आहे. वार्षिक अहवालात त्याची नोंद फार तर ‘लाभार्थी : १’ अशी झाली असती. पंधरा-वीस वर्षांनी, १९३०च्या दशकात, त्याच ह्यूजने एकामागून एक नाटकं गिल्पिन प्लेअर्सना करायला दिली. एखाद्या हौशी मंडळीला राष्ट्रीय ख्यातीचा लेखक असा हक्काचा मिळणं ही गोष्ट पैशाने होत नाही.

सगळंच गोड झालं असं नाही. १९३१च्या सुरुवातीला ह्यूज आणि लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी मिळून लिहिलेली एक कॉमेडी गिल्पिन प्लेअर्स करणार होते. संहिता मंडळींच्या हाती पोचली तेव्हा लेखक दोन की एक, यावरून जुंपली. हर्स्टनबाई क्लीव्हलंडला आल्या, जेलिफांच्या घरात कडाक्याचं भांडण झालं आणि प्रयोग रद्द झाला. ती मैत्री तिथेच संपली. नाटक रंगमंचावर यायला १९९१ साल उजाडलं, तेही न्यूयॉर्कला.

आगीनंतर

१९३९च्या आगीने नाट्यगृह नेलं तेव्हा परिस्थिती सर्व बाजूंनी वाईट होती. महामंदी पुरती सरली नव्हती. सेंट्रलमध्ये झोपडपट्टी निर्मूलन सुरू होऊन गेलं होतं. जुनी घरं पाडून सरकारी गृहसंकुलं उभी राहिली होती. त्यातलं सीडर-सेंट्रल गोऱ्यांसाठी आणि आउटवेट काळ्यांसाठी, अशी वाटणी. गृहकर्जांसाठी बनवलेल्या नकाशांत अशा वस्त्या लाल रंगाने रंगवल्या जात होत्या, म्हणजे कुठलीही बँक तिथल्या घराला कर्ज देणार नाही. आणि दोनच वर्षांत अमेरिका महायुद्धात उतरली. लोखंड, लाकूड, मजूर सगळं युद्धाकडे वळलं. नव्या वास्तूचं घोंगडं भिजत पडलं ते असं.

या दहा वर्षांत काय झालं ते पाहा. नाटकवाले दुसऱ्यांच्या सभागृहांत खेळ लावत राहिले. १९४०मध्ये करामूचा नृत्यसंघ न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात नाचून आला. १९४१मध्ये नाट्यगृहाचं ‘करामू’ हे नाव अख्ख्या संस्थेने घेतलं. नाट्यगृह जळून दोन वर्षं झाल्यावर! १९४२मध्ये करामूच्या चित्रकारांचं प्रदर्शन न्यूयॉर्कमध्ये भरलं. चार्ल्स सॅली, ह्यूई ली-स्मिथ, एल्मर ब्राउन, विल्यम स्मिथ अशी ती मंडळी.

या चित्रकारांकडे जरा थांबायला हवं. त्यांचा भर छापचित्रांवर होता, विशेषतः लिनोकटवर, आणि त्यामागे साधं अर्थशास्त्र होतं. जमिनीवर अंथरायच्या लिनोलियमचा तुकडा स्वस्तात मिळतो. त्यावर उलटं चित्र काढायचं, जिथे कागद पांढरा राहायला हवा तिथला भाग छोट्या कोरणीने खरवडून काढायचा, उरलेल्या उंचवट्यावर रुळाने शाई फिरवायची आणि वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचं. यंत्र नसलं तरी चालतं. एका ठशातून कितीतरी प्रती निघतात, त्यामुळे एकेक चित्र वस्तीतल्या माणसालाही परवडेल अशा किमतीला विकता येतं. न्यू डील, म्हणजे महामंदीत सरकारने हाती घेतलेला कार्यक्रम, त्यातल्या कला-योजनांमुळे काही जणांना त्या काळात पगारही मिळत होता. विषय आसपासचेच: पत्र्याच्या छपरांची घरं, काम नसलेली माणसं, गाणारी बाई, खेळणारी पोरं. या कामाला नाट्यगृहाची गरज नव्हती, एक टेबल आणि दिवा पुरेसा होता. संस्था एका छपराखाली एकाच गोष्टीवर उभी असती तर आगीबरोबर संपली असती. करामूचं नाटक जळालं तेव्हा नाच चालू होता, छापखाना चालू होता, मुलांचे वर्ग चालू होते. आणि नाटकवाल्यांपाशी स्वतःचा प्रेक्षक होता, तो दुसऱ्याच्या सभागृहातही तिकीट काढून आला.

म्हणूनच नवी इमारत हा पुनर्जन्म होता असं म्हणायला माझं मन होत नाही. जन्म आधीच झालेला होता. राहायला जागा नंतर मिळाली.

क्वीन्सी अॅव्हेन्यूवरची वास्तू

जागा निवडली ती जुन्या ठिकाणापासून पूर्वेला चारेक किलोमीटरवर, फेअरफॅक्स भागात, क्वीन्सी अॅव्हेन्यू आणि ईस्ट ८९वा रस्ता जिथे मिळतात तिथे. ह्यूजचा तो माळा इथून तीन गल्ल्यांवर. निर्णय हिशेबी होता. सेंट्रलमधून ज्यांना जमेल ती काळी कुटुंबं पूर्वेकडे सरकत होती आणि केंद्र त्यांच्या मागोमाग गेलं. पण जे सरकू शकत नव्हते त्यांच्यापासून ते लांब गेलं, हेही तितकंच खरं. वस्तीकेंद्राने सरकत्या वस्तीबरोबर जावं की मागे राहिलेल्यांपाशी थांबावं, याचं सोपं उत्तर मला तरी दिसत नाही.

पैसा उभा राहिला तो मोठ्या देणग्यांतून. लेनर्ड हॅना या धनिक कलाप्रेमीचा आणि रॉकफेलर फाउंडेशनचा त्यात मोठा वाटा. क्लीव्हलंड हे या बाबतीत वेगळं शहर. संपूर्ण शहरासाठी एकच सामाजिक निधी जमवायचा आणि समितीने तो संस्थांना वाटायचा, ही पद्धत आधुनिक रूपात इथेच घडली. जगातली पहिली सामुदायिक प्रतिष्ठान संस्थाही १९१४ची, इथलीच. त्यामुळे चांगल्या संस्थेला दात्यांच्या दारोदार फिरावं लागत नसे. याची दुसरी बाजू अशी की वाटप करणाऱ्या समितीच्या टेबलाभोवती वस्तीतला माणूस क्वचितच असे.

१९४९ला वास्तू पूर्ण झाली. दोन नाट्यगृहं: एक नेहमीचं, समोर पडदा असलेलं, आणि दुसरं रिंगणी, म्हणजे मध्ये नट आणि चहूबाजूंनी प्रेक्षक. बालवाडी, नृत्याची दालनं, चित्रकलेच्या कार्यशाळा, वस्तीच्या सभांसाठी जागा. त्याच वर्षी झेल्मा जॉर्ज या समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे एका ऑपेरात प्रमुख भूमिका केली. सदुसष्ट प्रयोग झाले. न्यूयॉर्कच्या निर्मात्यांचं लक्ष गेलं आणि १९५०मध्ये बाई तीच भूमिका ब्रॉडवेवर करत होत्या. दहा वर्षांनी त्या संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेच्या शिष्टमंडळात होत्या. रॉबर्ट गिलॉम, आयव्हन डिक्सन, रॉन ओ'नील असे पुढे पडद्यावर नाव काढणारे नट याच रंगमंचावर घडले.

घर कुणाचं?

कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९२६मध्येच कृष्णवर्णीय रंगभूमीला चार कसोट्या लावल्या होत्या. नाटक आमच्याविषयी हवं, आम्ही लिहिलेलं हवं, आमच्यासाठी हवं आणि आमच्या वस्तीजवळ हवं. (याच डु बॉइसना १९४६मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागत होते, त्या निवेदनाची प्रत त्यांना हवी होती.) या कसोट्यांवर करामू कुठे बसतं? चौथीला पूर्ण गुण. पहिलीला बरे. दुसरीला सुरुवातीच्या काळात कमी, कारण बरीच नाटकं गोऱ्या लेखकांची आणि दिग्दर्शन रोवेनाबाईंचं. तिसरीवर वाद आहे. १९४९नंतर करामूचा प्रेक्षक मोठ्या प्रमाणात उपनगरांतून मोटारीने येणारा, मिश्र, सुशिक्षित होता. एकाच ओळीत काळे-गोरे शेजारी बसून नाटक पाहताहेत, हे त्या काळात शहरात फार थोड्या ठिकाणी दिसे, आणि जेलिफांचा तो अभिमानाचा विषय होता. तो असायलाही हवा. पण रस्त्यापलीकडच्या घरातला माणूस त्या ओळीत होता का?

१९६३मध्ये जेलिफ निवृत्त झाले. १९६६च्या जुलैमध्ये फेअरफॅक्सला लागून असलेल्या हफ भागात उद्रेक झाला. कारण एका बारमध्ये काळ्या गिऱ्हाइकाला पाणी नाकारलं, असं सांगतात. त्यामागे साठलेलं सगळं वेगळंच होतं. चार माणसं मेली, नॅशनल गार्ड हे राखीव सैन्य उतरलं. पुढच्याच वर्षी शहराने कार्ल स्टोक्स यांना निवडलं. मोठ्या अमेरिकी शहराचे ते पहिले कृष्णवर्णीय महापौर, सेंट्रलच्या आउटवेट संकुलातच वाढलेले. आणि त्याच सुमारास करामूत प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला: हे ‘सर्ववंशीय’ घर आहे की कृष्णवर्णीयांचं? तरुण कलावंतांना कृष्णवर्णीयांचं घर हवं होतं. जुन्या मंडळींना तो विश्वासघात वाटत होता. १९७०च्या दशकात करामू स्पष्टपणे कृष्णवर्णीय रंगभूमीकडे वळलं.

हा बदल उशिरा झाला असं माझं मत. त्याची किंमतही मोजावी लागली. काही जुने प्रेक्षक आणि देणगीदार दुरावले. मराठी वाचकाला हा वाद ओळखीचा आहेच. दलितांविषयी लिहिणं आणि दलितांनी लिहिणं यांतलं अंतर आपल्याकडेही याच दशकात भांडून ठरलं. करामूच्या बाबतीत ध्यानात घेण्याजोगं हे, की हा वाद १९४१मध्ये झाला असता तर दुसरं सभागृह शोधून मंडळी वेगळी होऊ शकली असती. १९७१ला मात्र मधोमध एक मोठी वास्तू होती, आणि ती सोडून कुणीच जाऊ शकत नव्हतं.

दुसरी बांधणी

त्या वास्तूचं पुढे ओझं झालं. १९५०ला क्लीव्हलंडची लोकसंख्या नऊ लाख चौदा हजार होती, २०२०ला ती पावणेचार लाखांच्या आत आली. पोलाद गेलं, माणसं गेली, फेअरफॅक्समधले प्लॉटच्या प्लॉट रिकामे पडले. दोन नाट्यगृहांची आणि डझनभर खोल्यांची इमारत ओहायोच्या थंडीत गरम ठेवायची म्हणजे प्रेक्षक आले काय न आले काय, बिल येणारच. १९८२मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत गेली. प्रतिष्ठा वाढली, गळकं छप्पर तसंच राहिलं.

२०१५मध्ये टोनी सायस संस्थेचे प्रमुख झाले. ते आधी शहराच्या शाळांमधलं कलाशिक्षण सांभाळत होते. संस्थेची तेव्हा चांगलीच ओढाताण होती, खर्चाला कात्री लावावी लागली. त्यानंतर टप्प्याटप्प्याने सुमारे १ कोटी ४५ लाख डॉलरचं नूतनीकरण झालं. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी मुख्य नाट्यगृह दुरुस्त केलं, म्हणजे तिकीटबारी चालू झाली. बाकीची वास्तू, दर्शनी भाग आणि बाहेरचा खुला मंच हे सगळं त्यामागून. पूर्ण पैसा जमेपर्यंत दारं बंद ठेवून ‘भव्य उद्घाटना’ची वाट पाहिली असती तर प्रेक्षकाची सवय मोडली असती, आणि मोडलेली सवय परत आणणं बांधकामापेक्षा महाग पडतं. आपल्याकडच्या कित्येक नाट्यगृहांनी ‘नूतनीकरणासाठी बंद’ या पाटीखाली नेमकं हेच गमावलंय.

आजूबाजूचं फेअरफॅक्स आता वेगाने बदलतंय. लगतच क्लीव्हलंड क्लिनिक हे अवाढव्य रुग्णालय आहे, आणि ते पसरतंच आहे. २०२१मध्ये वस्तीच्या कडेने ‘ऑपॉर्च्युनिटी कॉरिडॉर’ हा रुंद रस्ता पूर्ण झाला. ह्यूज ज्या घराच्या माळ्यावर राहत होता ते घर वस्तीच्या विकास संस्थेने दुरुस्त करून घेतलं. मोठं किराणा दुकान नसलेल्या या वस्तीत २०२४मध्ये एक सुपरमार्केट उघडलं आणि त्याच्या वर फ्लॅट झाले. रिकाम्या प्लॉटना पुन्हा किंमत येतेय. १९४९ला केंद्र वस्तीच्या मागोमाग इथे आलं होतं. आता केंद्राची जागा पक्की आहे आणि भोवतालची भाडी वाढताहेत. जुन्या भाडेकरूंपैकी किती जण पुढच्या दहा वर्षांत करामूपर्यंत चालत येण्याच्या अंतरावर राहतील, हे ठरवण्याचा अधिकार मात्र करामूच्या विश्वस्तांकडे नाही. त्यांच्या हातात आहेत तिकिटाचे दर, मुलांच्या वर्गांची फी आणि संचालक मंडळावर ईस्ट ८९व्या रस्त्यावरचं कुणाला घ्यायचं हा निर्णय.